झिंक की ॲल्युमिनियम? कोकणातल्या नौकांच्या पाण्याखालच्या धातूचे रक्षण

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणातल्या बहुतेक यांत्रिक नौका खाडीच्या आत सुरक्षित जागी बांधलेल्या असतात किंवा किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. पंखा, त्याला फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट, सुकाणू आणि त्याच्या बिजागऱ्या हे एरवी पाण्याखाली राहणारे भाग नीट पाहायला मिळतात ते याच दिवसांत, आणि मागच्या हंगामात लावलेल्या झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, प्लेटचे काय झाले तेही याच दिवसांत कळते. काही नौकांवर त्या प्लेटची नुसती लोखंडी पट्टी उरलेली असते. काहींवर मात्र ती जवळजवळ लावली तशीच दिसते, आणि ‘अजून एक हंगाम सहज निघेल’ असे म्हणून ती तशीच ठेवली जाते. या दोन्हींपैकी दुसरी स्थिती अधिक काळजीची आहे, कारण जी प्लेट झिजलीच नाही तिने वर्षभर कशाचेही रक्षण केलेले नसते, आणि तिच्याऐवजी पंखा किंवा सुकाणू झिजत राहिलेला असतो.

नवीन प्लेट घेताना बाजारात आता जस्त, ॲल्युमिनियमची मिश्रधातू आणि क्वचित मॅग्नेशियम असे पर्याय समोर येतात, आणि निवड बहुधा किलोच्या भावावरून होते. माझ्या मते भावाचा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, नौका वर्षातले कोणते महिने कोणत्या पाण्यात असते. दुसरा, तिचे बूड लाकडाचे आहे, फायबरचे आहे की लोखंडाचे. या दोन प्रश्नांची उत्तरे ठरली की निवड पुष्कळशी आपोआप होते. पुढची तुलना त्याच क्रमाने केली आहे.

झीज कशामुळे होते

पंखा बहुधा पितळी किंवा ब्राँझचा असतो, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आणि सुकाणू साध्या लोखंडाचा. हे तिन्ही धातू एकमेकांना कुठे ना कुठे चिकटलेले असतात आणि एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात, म्हणजे विद्युतघटाला लागणारे सर्व साहित्य तिथे हजर असते. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक धातूचा स्वतःचा विद्युतदाब ठरलेला असतो. सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी, म्हणजे ज्याचा स्वतःचा दाब स्थिर असतो अशा मापकाशी, ताडून पाहिले तर मॅग्नेशियमचा आकडा सुमारे −१.६ व्होल्ट येतो, संरक्षक ॲल्युमिनियम मिश्रधातूचा −१.१ च्या आसपास, जस्ताचा −१.० ते −१.०५, साध्या लोखंडाचा −०.६ ते −०.७, ब्राँझचा −०.२५ ते −०.३ आणि चांगल्या स्थितीतल्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा शून्याच्या जरा खाली. दोन धातू जोडले गेले की ज्याचा आकडा अधिक ऋण तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. म्हणून ब्राँझचा पंखा आणि लोखंडी सुकाणू जोडले गेले तर सुकाणू झिजतो, आणि दोघांना जस्त जोडले तर जस्त झिजते. संरक्षक ॲनोडचे, म्हणजे दुसऱ्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या या प्लेटचे, सारे काम या एका वाक्यात येते.

ही झीज किती होऊ शकते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर अखंड वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळते. मासेमारी नौकेवरचा प्रवाह याहून पुष्कळ कमी असतो, परंतु तो सगळा बिजागरीच्या एखाद्या बोल्टवर किंवा जोडाच्या शिवणीवर एकवटला तर तेवढाही पुरतो.

पितळी पंख्याची झीज निराळ्या प्रकारची असते. ज्याला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात त्यात सुमारे ४० टक्के जस्त असते, आणि संरक्षण नसले की हे जस्त आधी निघून जाते व मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. पात्यावर तांबूस डाग दिसू लागले, आणि हातोडीने हलके ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर हेच झाले आहे असे समजावे. स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट मोकळ्या वाहत्या पाण्यात टिकतो, पण स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट ज्या नळीतून नौकेबाहेर जातो तिच्या) आत, बेअरिंगखाली आणि पाणी आत येऊ न देणाऱ्या पॅकिंगखाली जिथे पाणी कोंडून राहते आणि प्राणवायू पोचत नाही तिथे त्याचा संरक्षक थर टिकत नाही व खड्डे पडतात. अशा ठिकाणी ग्राफाइटचे पॅकिंग वापरू नये, कारण ग्राफाइटचा आकडा स्टेनलेसपेक्षाही कमी ऋण आहे आणि ते शाफ्टलाच झिजवते.

रंग आणि वेगळेपणा

ॲनोडकडे वळण्यापूर्वी सर्वांत जुन्या उपायाचे स्थान सांगायला हवे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी बुडावर तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ च्या तपासणीत असे आढळले की पत्र्याखालचे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणी गंजून गेले होते, पण जिथे तांब्याच्या पत्र्याला चिकटून आलेला तपकिरी कागद खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये राहिला होता तिथले खिळे शाबूत होते. दोन धातूंच्या मध्ये न वाहणारा थर ठेवणे हा उपाय आजही तितकाच खरा आहे. सुकाणूच्या बिजागरीत नायलॉनचे बुश, बोल्टखाली रबराची किंवा प्लास्टिकची चकती, आणि धातूवर इपॉक्सी रंगाचे पुरेसे थर यांनी ॲनोडवरचा भार पुष्कळ कमी होतो. उघड्या लोखंडाला समुद्रात दर चौरस मीटरला १०० मिलिअँपिअरच्या आसपास संरक्षक प्रवाह लागतो, तर चांगल्या रंगवलेल्या लोखंडाला त्याचा पाचवा-दहावा हिस्सा पुरतो.

मात्र रंगाचा एक धोका फारसा कोणी बोलून दाखवत नाही. नुसता लोखंडी सुकाणू रंगवला, ब्राँझचा मोठा पंखा उघडा ठेवला आणि ॲनोड लावलाच नाही, तर सुकाणूवरच्या रंगाला जिथे ओरखडा पडेल त्या एका बिंदूवर सगळी झीज एकवटते आणि तिथे आरपार भोक पडू शकते. रंग हा ॲनोडचा सोबती आहे, त्याला पर्याय नाही. रंगवायचेच असेल तर दोन्ही धातू रंगवावेत. ॲनोडला मात्र रंगाचा स्पर्शही होऊ देऊ नये; रंगवलेली प्लेट म्हणजे न लावलेली प्लेट.

जस्त आणि ॲल्युमिनियम: पाण्याचा प्रश्न

समुद्राच्या पाण्यात, म्हणजे किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात, जस्त उत्तम काम करते. ते सम प्रमाणात झिजते, त्याची क्षमता सहसा दगा देत नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ज्या नौका बाराही महिने खाऱ्या पाण्यातच असतात आणि पावसाळ्यात थेट किनाऱ्यावर ओढल्या जातात त्यांच्या मालकांनी जस्त सोडावे असे मी म्हणणार नाही.

कोकणातल्या किती नौका अशा आहेत हा मात्र विचार करण्याचा प्रश्न आहे. आपल्या बंदरांपैकी मोजकीच खुल्या समुद्रावर आहेत. बाकीची सगळी दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, बाणकोट अशा खाड्यांच्या मुखाशी किंवा आत आहेत. हर्णैसारख्या उघड्या बंदरातल्या नौकाही वादळवाऱ्यात आंजर्ले, दाभोळ किंवा जयगडच्या खाडीचा आसरा घेतात. उन्हाळ्याच्या शेवटी या खाड्यांचे पाणी बरेच आतपर्यंत समुद्राइतकेच खारे असते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरलेले वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांसारख्या नद्यांचे पाणी त्याच खाडीत उतरते आणि वरचा थर जवळजवळ गोडा होतो. नौकेचा पंखा आणि सुकाणू याच वरच्या थरात असतात.

अशा गोड्या वा मचूळ पाण्यात जस्तावर जस्ताच्या हायड्रॉक्साइडचा आणि कार्बोनेटचा कठीण, पांढुरका थर जमतो. तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे प्लेट जागेवर असूनही काम थांबते. यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो तेव्हा पाऊस संपलेला नसतो. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन्ही महिने खाडीत पुराचे पाणी येतच असते. त्या काळात जस्तावर बसलेला थर ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा खारे झाले तरी आपोआप निघून जात नाही. म्हणजे हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत प्लेट झोपते आणि उरलेले आठ महिने तशीच राहू शकते. लेखाच्या सुरुवातीला ज्या ‘लावली तशीच’ प्लेटचा उल्लेख केला तिचे हे एक मोठे कारण आहे. नौका पाण्यातच असताना डुबी मारून तारेच्या ब्रशने प्लेट खरवडणे हा इलाज आहे खरा, पण भर हंगामात तो कितीजण करतात?

ॲल्युमिनियमच्या संरक्षक मिश्रधातूत ४ ते ६.५ टक्के जस्त आणि अगदी थोडे, म्हणजे ०.०१४ ते ०.०२ टक्के इंडियम असते. एवढ्याशा इंडियममुळे ॲल्युमिनियमवर एरवी घट्ट बसणारा ऑक्साइडचा थर टिकत नाही आणि धातू जागा राहतो. साधे ॲल्युमिनियम, मग ते भांड्याचे असो की खिडकीच्या चौकटीचे, या कामाचे नाही, हे इथेच सांगून ठेवतो. या मिश्रधातूवर मचूळ पाण्यात जस्तासारखा कठीण थर बसत नाही, त्यामुळे खाडीतून समुद्रात आणि समुद्रातून खाडीत अशी वर्षभर ये-जा करणाऱ्या नौकेला ती अधिक मानवते. तिचा दाबही जस्ताहून किंचित जास्त ऋण आहे, म्हणजे तेवढाच अधिक जोर.

आता भावाचा प्रश्न. जस्ताची व्यवहारातली क्षमता किलोमागे सुमारे ७८० अँपिअर-तास आहे (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). ॲल्युमिनियम मिश्रधातू प्रयोगशाळेत २,५०० च्या आसपास देते, पण डीएनव्ही ही नौका-वर्गीकरण संस्था आराखड्यासाठी समुद्रात २,००० आणि गाळात १,५०० एवढीच धरायला सांगते, आणि सावधपणे हिशेब करायचा तर तोच आकडा घ्यावा. समजा, एखाद्या फायबरच्या ट्रॉलरवर सरासरी ०.२ अँपिअर प्रवाह लागतो. १ ऑगस्ट ते ३१ मे हे ३०४ दिवस होतात, म्हणजे सुमारे १,४६० अँपिअर-तास. ॲनोड ८० टक्के झिजेपर्यंतच उपयोगाचा धरला तर यासाठी जस्त सुमारे २.३ किलो लागेल आणि ॲल्युमिनियम मिश्रधातू सुमारे ०.९ किलो. याचा व्यवहारी अर्थ असा की ॲल्युमिनियमचा किलोचा भाव जस्ताच्या अडीच पटींपर्यंत असला तरी खर्च वाढत नाही. दुकानात दोन्हींचे दर विचारावेत आणि हा एक गुणाकार करून पाहावा.

इथे एक गोंधळ टाळला पाहिजे. ॲल्युमिनियमची प्लेट त्याच आकाराच्या जस्ताच्या प्लेटपेक्षा अडीच पटींहून हलकी असते, आणि हातात घेतल्यावर ती कमअस्सल वाटते. प्रत्यक्षात आकार तोच ठेवला तर ती जस्ताइतकी किंवा थोडी जास्तच टिकते. म्हणून बदल करताना जुन्या प्लेटच्या मापाचीच नवी घ्यावी. वजन जुळवण्याच्या नादात तिप्पट मोठी प्लेट लावू नये.

ॲल्युमिनियमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट गाळाची आहे. ओहोटीला ज्या नौका खाडीच्या चिखलात बसतात त्यांचा ॲनोड दिवसातला बराच वेळ रुतलेला असतो, आणि तिथे ॲल्युमिनियमची क्षमता वर दिल्याप्रमाणे चौथाई हिश्श्याने घटते. जस्ताची क्षमता गाळात ७८० वरून ७०० पर्यंतच उतरते. तरीही एकूण तुलनेत ॲल्युमिनियम पुढेच राहते, फक्त प्लेट थोडी मोठी घ्यावी लागते.

आणखी एका कारणासाठी मी ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. समुद्रात वापरण्याच्या प्रमाणित जस्तात मुद्दाम ०.०२५ ते ०.०७ टक्के कॅडमियम मिसळलेले असते, आणि कॅडमियम विषारी आहे. वर काढलेल्या हिशेबात दर हंगामाला दोन किलोच्या आसपास जस्त आणि त्यासोबतचे कॅडमियम एकेका नौकेमागे पाण्यात जाते. त्याच कामासाठी ॲल्युमिनियम वापरले तर जस्त पन्नास-साठ ग्रॅमच्या आत राहते आणि कॅडमियम जवळजवळ नसतेच. ज्या खाड्यांच्या तळातून आपण तिसऱ्या आणि मुळे उकरतो, ज्यांच्या खडकांवरची कालवे फोडून खातो, त्या खाड्यांत शेकडो नौका उभ्या असतात. हा फरक लहान मानू नये.

धातूची शुद्धता

दोन्ही धातूंच्या बाबतीत स्वस्त माल फसवतो, पण जस्तात तो अधिक फसवतो. प्रमाणित जस्तात लोखंडाचे प्रमाण ०.००५ टक्क्यांच्या आत असावे लागते. भंगारातले जस्त वितळवून ओतलेल्या प्लेटमध्ये हे प्रमाण सहज ओलांडले जाते, आणि मग त्या प्लेटवर खऱ्या समुद्राच्या पाण्यातही थर जमून ती निष्क्रिय होते. म्हणून प्लेटवर मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे. जस्तासाठी अमेरिकी लष्करी मानक १८००१ आणि ॲल्युमिनियमसाठी २४७७९ हे आकडे जगभर वापरले जातात. तसा उल्लेख नसेल, तर विक्रेत्याकडे रासायनिक पृथक्करणाचा दाखला मागावा. पाण्यात दोन-तीन आठवडे गेल्यावर चांगल्या प्लेटवर मऊ, करडी भुकटी दिसते, ती ब्रशने निघते आणि खाली खडबडीत धातू लागतो. प्लेट गुळगुळीत राहिली किंवा तिच्यावर सिमेंटसारखा कठीण थर बसला, तर ती काढून टाकावी.

लाकडी नौका: इथे जास्त म्हणजे चांगले नव्हे

फायबरच्या नौकांची संख्या वाढली असली तरी कोकणात लाकडी ट्रॉलर आणि होड्या अजून भरपूर आहेत, आणि ॲनोडविषयीचा सर्वांत महत्त्वाचा इशारा त्यांच्याबाबतच आहे. ॲनोड ज्या धातूचे रक्षण करतो त्या धातूच्या पृष्ठभागावर प्राणवायूपासून हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणजे तिथले पाणी अल्कधर्मी होते. मोकळ्या पाण्यात हे अल्क वाहून जाते. लाकडात ठोकलेल्या बोल्टभोवती मात्र ते साचते आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या रूपात लाकडातल्या लिग्निनला विरघळवते. लिग्निन म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. तो गेला की लाकूड पांढरट, मऊ, तंतुमय होते आणि त्यात बोल्ट पकड धरत नाही. बोल्ट चकचकीत आणि त्याभोवतीचे लाकूड कुजलेले, असे दृश्य दिसले तर दोष लाकडाला किंवा सुताराला देण्याआधी ॲनोड किती लावले आहेत ते मोजावे.

म्हणून लाकडी नौकेवर प्रत्येक बोल्ट, प्रत्येक व्हॉल्व्ह तांब्याच्या तारेने जोडून सगळ्यांना एका मोठ्या ॲनोडशी बांधण्याची फायबरवरची पद्धत आणू नये. ब्राँझच्या सुट्या फिटिंगला, जी दुसऱ्या कोणत्याही धातूला चिकटलेली नाही, ॲनोडची गरजच नसते. ब्राँझ खाऱ्या पाण्यात एकटे असले तर पुष्कळ वर्षे टिकते. ॲनोड हवा तो शाफ्टवर आणि सुकाणूच्या लोखंडी पात्यावर, कारण हे दोन्ही भाग पाण्यात मोकळे असतात आणि त्यांच्यावर तयार होणारे अल्क वाहून जाते. बिजागऱ्या मात्र लाकडाला भिडलेल्या असतात. तिथे बुश घालून पात्यापासून वीज तोडता आली तर फार चांगले, नाहीतर पात्यावरचा ॲनोड लहानच ठेवावा आणि बिजागरीच्या बोल्टभोवतीचे लाकूड दर वर्षी सुरीच्या टोकाने टोचून पाहावे.

अतिसंरक्षणाचा धडा जुना आहे. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली, परंतु तांबे विरघळणेच बंद झाल्याने त्याचा विषारी गुण गेला आणि बुडावर शेवाळ व शिंपले इतके वाढले की नौकांचा वेग मंदावला. आपल्या ब्राँझच्या पंख्यावरही हाच परिणाम होऊ शकतो. ॲनोड लावल्यापासून पंख्यावर शिंपले जास्त बसतात अशी काही तांडेल मंडळींची, म्हणजे नौका चालवणाऱ्यांची, तक्रार असते; तीत तथ्य आहे. त्यावर उपाय पंखा घासत राहणे हाच आहे, ॲनोड काढणे नव्हे.

मॅग्नेशियम आणि विजेची यंत्रणा

मॅग्नेशियमचा −१.६ व्होल्टचा जोर गोड्या पाण्यात कामाचा असतो, कारण गोडे पाणी विजेला फार अडवते. घाटावर कोयनेच्या शिवसागरासारख्या जलाशयात बारमाही असणाऱ्या होडीला मॅग्नेशियम योग्य ठरेल. समुद्रात मात्र ते काही महिन्यांत संपते, लोखंडावरचा रंग फुगवून सोडते, ॲल्युमिनियमच्या इंजिनखोक्याला इजा करते आणि लाकडी नौकेत वर सांगितलेले सगळे नुकसान झपाट्याने घडवते. कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या अगदी वरच्या टोकाला बारमाही गोड्या पाण्यात राहणारी होडी सोडली तर, मॅग्नेशियम घेऊ नये.

बाहेरून वीज देऊन रक्षण करणारी यंत्रणा मोठ्या लोखंडी जहाजांसाठी आहे. तिला अखंड वीज, नियंत्रक आणि जाणकार माणूस लागतो, आणि ती बिघडून जास्त प्रवाह देऊ लागली तर ॲनोडपेक्षा अधिक हानी करते. मासेमारी नौकेसाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरच्या विजेची तार जोडणाऱ्या नौकांसाठी असलेल्या गॅल्व्हानिक आयसोलेटरचेही, म्हणजे त्या तारेतून येणारा झिजवणारा प्रवाह अडवणाऱ्या उपकरणाचेही, तेच. आपल्या बहुतेक जेट्ट्यांवर नौकेला किनाऱ्याची वीज जोडलेलीच नसते.

बॅटरीची गळती हा मात्र निराळा आणि फार जलद रोग आहे. तळातल्या पाण्यात लोंबणारी उघडी तार किंवा बिघडलेला पाणी-उपसा पंप यांतून प्रवाह गळू लागला, तर काही आठवड्यांत शाफ्ट किंवा पंखा निकामी होऊ शकतो. ॲनोड अचानक नेहमीच्या कित्येक पट वेगाने झिजू लागला तर मोठा ॲनोड लावण्याऐवजी आधी वायरिंग तपासावे.

कोणत्या नौकेने काय घ्यावे

फायबरचा ट्रॉलर किंवा पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याची) नौका खाडीतल्या बंदरात राहत असेल तर माझा कौल निःसंशय ॲल्युमिनियम मिश्रधातूला आहे. मालवणसारख्या खुल्या ठिकाणी नांगरलेल्या आणि पावसात ओढून ठेवल्या जाणाऱ्या फायबर नौकेला दोन्ही चालतात. तिथे वरचा अडीचपटीचा हिशेब करून स्वस्त पडेल ते घ्यावे. लाकडी नौकेला समुद्रात राहणार असेल तर जस्त आणि तेही बेताचे, कारण त्याचा दाब किंचित कमी आहे. खाडीत राहणार असेल तर लहान आकाराचे ॲल्युमिनियम. तारकर्ली-देवबागकडच्या पर्यटक-नौकांना आउटबोर्ड इंजिन असते, त्याचे खोके स्वतः ॲल्युमिनियमचे असते, आणि कर्ली खाडीचे पाणी मचूळ होते; अशा इंजिनाला ॲल्युमिनियमचाच ॲनोड द्यावा, आणि काम संपल्यावर इंजिन वर उचलताना ॲनोड तेवढा पाण्याबाहेर येत नाही ना ते पाहावे. इंजिनाचा काही भाग पाण्यात आणि ॲनोड बाहेर, अशी स्थिती राहिली तर त्या वेळी रक्षण शून्य असते. खाड्या ओलांडणाऱ्या लोखंडी फेरीबोटींना मचूळ पाण्याचा काळ जास्त असल्याने ॲल्युमिनियमच, आणि ते एका जागी मोठे न लावता बुडावर विखरून लावावे.

एकाच नौकेवर, एकमेकांना जोडलेल्या भागांवर, जस्त आणि ॲल्युमिनियम मिसळू नये. ॲल्युमिनियम अधिक ऋण असल्याने ते जस्ताचेच रक्षण करण्यात झिजेल.

बसवणे आणि तपासणे

फायबरच्या बुडावर बाहेरून बोल्टने घट्ट बसवलेली, पण आतून कोणत्याही तारेने शाफ्टशी किंवा सुकाणूशी न जोडलेली प्लेट काहीच वाचवत नाही, कारण फायबर वीज वाहत नाही. मल्टिमीटरची एक टोचणी ॲनोडवर आणि दुसरी पंख्यावर ठेवून रोध एक ओहमपेक्षा कमी येतो का ते नौका किनाऱ्यावर असतानाच पाहावे. इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबरी कपलिंग असेल तर शाफ्ट विजेच्या दृष्टीने सुटा पडतो. अशा वेळी शाफ्टवरच कड्याचा ॲनोड बसवावा, किंवा शाफ्टला घासणारा ब्रश लावावा. बसवण्याच्या जागी रंग आणि गंज पूर्ण खरवडून धातूला धातू भिडू द्यावा. हंगाम सुरू होताना ॲनोड निम्मा झिजलेला असेल तर तो बदलावा.

नौका पाण्यात उतरवल्यावर खरी परीक्षा संदर्भ-इलेक्ट्रोडने होते. तो पाण्यात सोडून मल्टिमीटरने धातूचा दाब मोजायचा असतो, आणि हे काम इंजिन दुरुस्तीच्या कामाएवढेही अवघड नाही. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार फायबरच्या नौकेवर −०.५५ ते −१.१० व्होल्ट, लोखंडी नौकेवर −०.८० ते −१.०५, ॲल्युमिनियमच्या नौकेवर −०.९० ते −१.१० आणि लाकडी नौकेवर फक्त −०.५५ ते −०.६० व्होल्ट असा आकडा यावा. लाकडी नौकेची मर्यादा किती अरुंद आहे ते यावरून दिसते, आणि लोखंडाला पूर्ण रक्षणासाठी लागणारे −०.८० त्या मर्यादेच्या पलीकडे पडते, म्हणूनच लाकडी नौकेचा सुकाणू मुख्यतः रंगावर आणि थोडासा ॲनोडवर सोपवावा लागतो. हा इलेक्ट्रोड एकट्या मालकाने घेण्याऐवजी मच्छीमार सोसायटीने घेतला तर एका जेट्टीवरच्या सगळ्या नौका त्यावर तपासता येतात. पहिले मोजमाप नौका उतरवल्यावर दोन आठवड्यांनी घ्यावे आणि दुसरे ऑक्टोबरच्या मध्यावर, खाडी पुन्हा खारी झाल्यानंतर. जस्त वापरणाऱ्यांना त्यांची प्लेट जागी आहे की झोपली आहे ते दुसऱ्या मोजमापात कळेल, आणि ती खरवडायला पुढचे साडेसात महिने हाताशी असतील.